पाठीला पाठ

१ ऑगस्ट, मंगळवार. लॅमस, नव्या धान्याचा सण, आणि पौर्णिमाही.

पहिल्या पिकाचा पाव आतून कच्चा होता. हे आधी लिहून ठेवते, कारण उद्यापासून ऑल्विन सगळ्यांना सांगत सुटेल की यंदासारखा पाव कधी झालाच नव्हता.

पावानंतर लिंडनशी माझी हातबांधणी झाली, म्हणजे आमच्या निसर्गपूजक मंडळातलं मुदतीचं लग्न. माझं वय एकोणसाठ, त्याचं त्रेसष्ट. बाकीची सात माणसं रिंगण करून उभी, आम्ही मधे. ऑल्विनने तीन रंगांची दोरी आमच्या मनगटांवरून फिरवली आणि गाठ मारली. ऑल्विन अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीत, त्यामुळे देवीला हाक मारतानासुद्धा तिचा सूर ‘नीट रांगेत या’ असाच लागतो. वर्षाचे आठ सण आणि बारा-तेरा पौर्णिमा, सगळा कारभार तिच्या हाती.

बांधणीची मुदत एक वर्ष आणि एक दिवस, म्हणजे पुढच्या दोन ऑगस्टपर्यंत. त्या दिवशी आम्ही इथेच पाठीला पाठ लावून उभं राहायचं, मी उत्तरेकडे तोंड करून, तो दक्षिणेकडे. ऑल्विन ‘निघा’ म्हणेल आणि नऊपर्यंत मोजेल. दोघंही जागचे हलले नाहीत तर बंध कायमचा. एकाने जरी पाऊल उचललं तर सुटला. आणि जो जाईल त्याला कारण विचारायचं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मला ही पद्धत पसंत आहे. पहिल्या नवऱ्याला मी कारण विचारलं होतं आणि त्याने ते तीन तास सांगितलं.

लिंडन शेतांचे दगडी बांध रचतो, चुना-मातीशिवाय, दगडावर दगड. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत पायवाटा मोजल्या. ओळख भांडणातूनच झाली. एक बांध रचताना त्याने सार्वजनिक पायवाट गिळली, मी तीन नोटिसा धाडल्या. तिसरीला उत्तर आलं, कागदभर टपोऱ्या अक्षरात: ‘या आणि बघा.’ गेले. चूक त्याचीच होती. त्याने माझ्यादेखत तीस फूट बांध उतरवला आणि म्हणाला, "घ्या साहेब, तुमची वाट." तेव्हापासून मी साहेब. माझं नाव रोवेना आहे हे तो विसरला असावा.

गाठ बसल्यावर तो हसला. लिंडन हसतो तेव्हा आधी एकच गाल हसतो, मग दुसऱ्याला बातमी लागते. बघण्यासारखं असतं ते.

३१ ऑगस्ट, गुरुवार. पौर्णिमा.

एका महिन्यात दोन पौर्णिमा. ऑल्विन दोन्हींना तोच केक करून आणते.

लिंडन माझ्या घरी राहायला येऊन महिना झाला. तक्रारी: ओले मोजे शेगडीच्या दांडीवर. चहाचे कप खिडकीत. सकाळी सहाला शिट्टी. मग वाटलं, न्यायाने वागायचं तर चांगली बाजूही लिहावी. ‘तो’ असं लिहिलं आणि खोडलं.

चंद्र माळावर आला तेव्हा चार दिशांना हाका झाल्या. उत्तरेची हाक लिंडनकडे असते. त्याने अशी घातली की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. ऑल्विन म्हणाली, "अरे बाबा, उत्तरेला बोलाव, मटणाला नको." रिंगणात मी नेहमीसारखी त्याच्या उजव्या हाताला होते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. पौर्णिमा.

हात धरायच्या वेळी लिंडनने जागा बदलली. मला डावीकडे घेतलं आणि उजवा हात फिलिपाच्या हातात दिला. फिलिपा निवृत्त नर्स आहे. सहासष्ट वर्षांची, दोनदा विधवा, हात नेहमी गरम. तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला, घट्ट, आणि एकदा त्याच्याकडे वर बघितलं. रिंगणात दोन्ही हातांनी एकाचाच हात धरत नाहीत. तिच्या पलीकडचा माणूस रिकामा हात घेऊन उभा होता.

परतताना लिंडनचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. हा माणूस हात झुलवत चालायचा. एकदा माझा चष्मा उडवलाय त्याने.

३१ ऑक्टोबर, मंगळवार. सॉविन.

गेलेल्यांचा सण. प्रत्येकाने आपल्या माणसाचं नाव कागदावर लिहायचं, ऑल्विनने ते मोठ्याने वाचायचं आणि कागद आगीत टाकायचा. लिंडनचा कागद आला तेव्हा तिने कंदील जवळ घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "हे काय रे? कागदावर मुंगी मेलीय की काय?"

"आईचं नाव आहे," लिंडन म्हणाला.

मीही बघितलं. मोहरीएवढं अक्षर. मला कागदभर अक्षरात उत्तर देणारा माणूस आईच्या नावाला जागा देईना.

मग कॉरिन आला. हा नवा, चौतिसाव्या वर्षी संगणकाला कंटाळून आमच्यात आलाय. आम्ही सगळे काळ्या कपड्यांत, तोंडं पाडून आगीभोवती उभे, आणि हा डोक्यावर फुलांचा मुकुट, दोन्ही हातांत रंगीत फिती घेऊन फाटकातून ओरडतोय, "वसंताच्या शुभेच्छा!" फोनवर त्याने सणांचं जे कॅलेंडर घेतलं होतं ते ऑस्ट्रेलियाचं निघालं. तिकडे आत्ता वसंत.

"पोरा," ऑल्विन म्हणाली, "तू अर्धी पृथ्वी चुकलास."

लोक इतके हसले की फिलिपाला बसावं लागलं. कॉरिनही हसला. मी लिंडनकडे बघत होते. एकही गाल हलला नाही. राग नाही, कंटाळा नाही, काहीच नाही, मास्तर हजेरी घेताना बघतात तसा बघत होता.

घरी येताना विचारलं, "मजा नाही आली का?"

"आली की. किती हसलो मी."

मी काय तिथे नव्हते? खोटं बोलणाऱ्याला पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो. शिवाय कारण न विचारण्याचा नियम आहेच. तो आजपासूनच लागू केलेला बरा.

२७ नोव्हेंबर, सोमवार. पौर्णिमा.

पाऊस. रिंगण ऑल्विनच्या गाडीच्या शेडमध्ये झालं. चंद्र दिसला नाही, रंगाचे डबे दिसले.

लिंडन मागच्या खोलीत झोपायला गेला. म्हणे, "मी झोपेत हातपाय झाडतो, तुला लागतं." दोनदा लागलं हे खरं. एकदा खांदा काळानिळा झाला. मी म्हटलं, मला चालतं. तो उशी घेऊन गेला. चार महिनेसुद्धा झाले नाहीत.

मागची खोली थंड आहे. त्याच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली. गादी माझी आहे, दमट व्हायला नको.

२२ डिसेंबर, शुक्रवार. यूल.

सगळ्यात मोठी रात्र काल झाली. मंडळी संध्याकाळी आमच्याकडे होती. मी लवंग-दालचिनीची वाइन मंद आचेवर ठेवून फांद्या आणायला बागेत गेले आणि लिंडनला म्हटलं, लक्ष ठेव. परत आले तर पातेल्याचा तळ करपलेला, घरभर धूर, आणि हा पातेल्यापासून चार फुटांवर पेपर वाचत बसलेला.

"अरे, नाक आहे की नाही तुला?"

"आलंच नाही ध्यानात," तो म्हणाला.

माझ्या घरात काय जळतंय याची त्याला पर्वा नाही, एवढाच अर्थ.

भेटवस्तू: मी त्याला विणलेले हातमोजे दिले. त्याने मला चुनखडीचा एक चपटा दगड दिला, मधोमध जन्मजात भोक असलेला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘साहेबांना’ हे भिंगातून वाचावं लागलं. चिठ्ठी या वहीच्या मागच्या पानात ठेवलीय. खूण म्हणून कामाला येते.

१ फेब्रुवारी, गुरुवार. इम्बोल्क.

मेंढ्यांना दूध उतरलं. मेणबत्त्या लावल्या. लिंडनने ऑल्विनला सांगून उत्तरेची हाक कॉरिनला देऊन टाकली. म्हणे, आवाज पोचत नाही. घरातही हल्ली तो पुटपुटतो. मी दोनदा ‘काय?’ म्हणते, तिसऱ्यांदा म्हणत नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार.

सण नाही, पौर्णिमा नाही, पण लिहायला हवं. यंदा एक दिवस जास्तीचा आला. तीनशे पासष्ट अधिक एक असे दिवस मोजले तर आमची मुदत एक ऑगस्टलाच भरते. मी ऑल्विनकडे गेले. फिलिपाही तिथे चहाला बसली होती.

ऑल्विन म्हणाली, "वर्ष म्हणजे वर्ष. लॅमस ते लॅमस. त्यावर एक दिवस. दोन ऑगस्ट. तुझी मोजपट्टी घरी ठेवत जा, पोरी."

फिलिपा म्हणाली, "दिवस मोजत बसण्यापेक्षा त्याच्याशी बोल ना. आज तर बायकांनी पुरुषांना मागणी घालायचा, विचारायचा दिवस. चार वर्षांतून एकदा येतो."

"विचारायचं नाही असा नियम आहे."

"अगं बाई, तो नियम शेवटच्या दिवसाचा आहे, वर्षभराचा नाही!"

"नियम पाळायचा तर नीट पाळावा," मी म्हटलं.

फिलिपाने कप बशीत आपटला. तिला माझा इतका राग येण्याचं कारण मला कळलं नाही. म्हणजे कळलं. ज्याला दोन्ही हातांनी धरायचं, त्याच्या मनगटावरची दोरी तिला आवडत नसणार.

२५ मार्च, सोमवार. पौर्णिमा.

लिंडन सकाळी सांगून गेला की दगड बघायला खाणीवर जातोय. मी चष्मा दुरुस्तीला शहरात गेले. मोठ्या चौकात सिग्नलला फिलिपाची लाल गाडी. ती चालवतेय, शेजारी लिंडन. ती बोलतेय, तो समोर बघतोय. गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळली. फिलिपाच्या जुन्या मैत्रिणी तिकडेच राहतात, ओळखी करून देत असेल.

संध्याकाळी चंद्र निघाला तेव्हा रिंगणात आम्ही तिघं ओळीने: मी, तो, ती. मी विचारलं, "मिळाला का दगड?" तो म्हणाला, "नाही मिळाला." निदान एवढं तरी खरं बोलला.

३० एप्रिल, मंगळवार. बेल्टेन.

ज्यांचे हात बांधलेत त्यांनी आज एकमेकांचा हात धरून आगीवरून उडी मारायची असते. आग गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. ऑल्विनने मुद्दाम लहान ठेवली होती, ‘आमच्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी’ म्हणून. सगळे टाळ्या वाजवत होते. मी हात पुढे केला.

लिंडन म्हणाला, "नको."

"मी आहे ना सोबत."

"म्हणूनच नको."

मी हात मागे घेतला. कॉरिन आणि त्याची मैत्रीण उडी मारून गेले. त्यांचे हात बांधलेलेसुद्धा नाहीत. मी बाजूला उभी राहून सगळ्यांचे कोट धरले. सात कोट. अंगावर कपडे कमी असते तरी मला इतकं उघडं वाटलं नसतं.

ठरलं. दोन ऑगस्टला मी निघणार, उत्तरेकडे. तो जायची वाट बघत उभी राहणारी मी नव्हे. एकदा राहिलेय, पुरे.

२३ मे, गुरुवार. पौर्णिमा.

लिंडनने अवजारं विकली. तिन्ही हातोडे, पहार, दोऱ्या, लाकडी चौकट, सगळं शेजारच्या खोऱ्यातला एक बांध रचणारा घेऊन गेला. चाळीस वर्षांची अवजारं. माणूस हलायचं ठरवतो तेव्हा आधी जड सामान काढतो.

त्याच्या कोटाचा उजवा खिसा आतून पार झिजून फाटलाय, डावा नव्यासारखा. दुहेरी कापड लावून शिवला. जाताना फाटका कोट घालून गेला तर लोक मला नावं ठेवतील.

२० जून, गुरुवार. सगळ्यात मोठा दिवस.

सूर्योदयाला टेकडीवर सगळे चढले. लिंडन खाली गाडीतच बसून राहिला. फिलिपा त्याच्याजवळ थांबली. वरून गाडी आगपेटीएवढी दिसत होती. कॉरिनने विचारलं, "रोवेना, सूर्य तिकडे आहे. तू कुठे बघतेयस?"

२१ जुलै, रविवार. पौर्णिमा.

मुदतीतली शेवटची. बारा दिवस राहिले.

आम्ही दोघं भांडी आवरत होतो. मी धूत होते, तो पुसत होता. एक बशी पुसायला त्याला हल्ली गाणं संपेपर्यंतचा वेळ लागतो. मधेच म्हणाला, "साहेब, तू काही ठरवलंयस का?"

"कारण विचारायचं नाही."

"कारण नाही विचारलं. ठरवलंयस का, एवढंच."

"हो. मी निघणार."

त्याने बशी खाली ठेवली. "बरं झालं," म्हणाला. चेहऱ्यावर काही नव्हतं. वाईट वाटल्याचं काहीही नव्हतं. मग म्हणाला, "म्हणजे दोघांचं एकच ठरलं."

मी नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं. मीटर आहे नळाला.

२ ऑगस्ट, शुक्रवार.

आज सगळं क्रमाने लिहिते.

संध्याकाळी सहा वाजता ऑल्विनने आम्हाला मधे उभं केलं. पाठीला पाठ. त्याची पाठ गरम होती आणि बारीक थरथरत होती. मी मनात म्हटलं, गारठा असेल. दोन ऑगस्टला.

"निघा," ऑल्विन म्हणाली. "एक."

माझे पाय धडधाकट आहेत. मी ते उचलले नाहीत. बेल्टेनपासून ठरवलं होतं, घरामागे चालून पाहिलं होतं, रिंगणाच्या कडेपर्यंत अकरा पावलं होतात. एकही टाकलं नाही.

"दोन. तीन."

मागे त्याचा बूट गवतावर घासला. मग पुन्हा. मला वाटलं, हा निघाला. पण निघालेल्या माणसाचा आवाज दूर जातो, हा एकाच जागी होत होता. चार, पाच, सहा, आणि दर आकड्याला तीच घासण, जागच्या जागी. एकदा त्याचा तोल जाऊन पाठ माझ्यावर आदळली आणि सावरली.

"नऊ!" ऑल्विनने दोन्ही हात वर केले. "राहिले! दोघंही राहिले!"

टाळ्या. कॉरिनने आरोळी ठोकली. त्या गोंगाटात लिंडन हळू आवाजात म्हणत होता, "नाही. थांबा जरा. मी निघतोय."

"हे धरू नकोस, ऑल्विन," फिलिपा रिंगण सोडून आत आली. "तो राहिलेला नाहीये. त्याचे पाय चिकटलेत."

मी वळले. "चिकटलेत म्हणजे?"

"सांग तिला," फिलिपा त्याला म्हणाली. "सांगतोस की मी सांगू? सप्टेंबरपासून माझ्या तोंडाला कुलूप घालून ठेवलंयस."

त्याचा उजवा हात आज खिशात नव्हता. उभ्या उभ्या जपमाळ ओढत असल्यासारखा हलत होता, अंगठा आणि दोन बोटं. लिंडन तो हात दुसऱ्या हाताने धरायचा प्रयत्न करत होता. मी जवळजवळ वर्षभर या माणसाच्या शेजारी उभी होते, कायम चुकीच्या बाजूला.

"कंपवात आहे, साहेब. पार्किन्सन म्हणतात तो. हाताचं आधी सुरू झालं, आता पायांचंही. निघायच्या वेळीच अडतात. जमिनीला खिळल्यासारखे होतात."

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"तोही त्यातच," फिलिपा म्हणाली. "नाक, अक्षर, आवाज, झोप. सगळं त्यातच."

मी वहीतली पानं मनात उलटली. एकूण एक गोष्ट मी लिहून ठेवली होती. तारखेसकट.

"तू निघत होतास," मी म्हटलं. "मला न सांगता."

"कारण विचारायचं नाही ना."

"गाढवा!" मी ओरडले. रिंगणात आवाज चढवत नाहीत. मी चढवला. "मूर्खा! मी वर्षभर समजत राहिले की तुला मी नकोशी झालेय. तू बरं झालं म्हणालास आणि मी भांड्यात हात घालून उभी राहिले अर्धा तास!"

"तेच बरं होतं. रागाने गेली असतीस तर मागे वळून बघितलं नसतंस. अगं, पाच वर्षांनी तू मला चमच्याने भरवशील. शर्टाची बटणं लावशील. त्याआधी तुझ्या मानगुटीवरून उतरावं म्हटलं, नियमातही बसत होतं."

"मान माझी आहे. तिच्यावर कोण बसणार ते मी ठरवीन."

"पण तू ठरवलं होतंस की. मग का नाही गेलीस?"

सगळे ऐकत होते. कॉरिन तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"नाही जावंसं वाटलं," मी म्हटलं. "तू आवडतोस मला. झालं?"

ऑल्विन म्हणाली, "पोरांनो, हे सगळं ठीक आहे, पण मी धरायचं काय? बंध राहिला की सुटला?"

"राहिला असं धरू नका," लिंडन म्हणाला. "मला जायचं होतं. पाय अडले म्हणून राहिलो असं व्हायला नको. मग उद्या ही म्हणेल, आजाराने बांधून ठेवलं."

माझ्या ओठांवर आलं होतं की नको, राहू दे, नऊ मोजून झाले. पण तो म्हणत होता ते बरोबर होतं. त्याने एकदा स्वतःच्या हाताने रचलेला बांध उतरवला होता, चूक होता म्हणून. मी त्याच माणसाशी हात बांधले होते.

"कसे सुटतात हे पाय?" मी फिलिपाला विचारलं.

"समोर काही ओलांडायला ठेवलं की सुटतात. काठी, दोरी, काहीही. सपाट जमिनीवरच अडतो तो. तुझा पाय आडवा धर त्याच्यापुढे."

मी त्याच्या समोर गेले आणि माझा बूट त्याच्या बुटांपुढे आडवा ठेवला. "हं, जा," म्हटलं. "आता कुणी अडवत नाही. जायचं तर जा."

त्याने खाली बघितलं. गुडघा उचलला आणि माझा पाय ओलांडून गेला. दुसरा पायही आला. मग तो चालू लागला, दक्षिणेकडे, बारीक पावलं टाकत, थोडा पुढे वाकून. मी बाजूला झाले. रिंगणातल्या लोकांनी हात सोडून त्याला वाट दिली. तो बाहेर पडला. मी सतरा पावलं मोजली, नंतर मोजता येईना.

"सुटला," ऑल्विन हळूच म्हणाली.

फाटकाशी जाऊन तो उभा राहिला, फाटकाच्या दांडीवर हात ठेवून. मग वळू लागला. वळायला त्याला खूप वेळ लागतो, सगळं अंग एकदम वळवावं लागतं. कुणी मदतीला गेलं नाही. फिलिपा निघाली होती, मी तिचा हात धरला.

तो परत आला. माझ्यापासून दोन हातांवर पुन्हा चिकटला. मी पाय पुढे केला. त्याने तो ओलांडला.

"आलो," म्हणाला. "आता पायांनी आलोय. ऑल्विन, दोरी आण."

"लगेच? निदान पौर्णिमेपर्यंत तरी..."

"आण गं," फिलिपा म्हणाली. ती नाक पुसत होती.

ऑल्विनने दोरी आणली. या वेळी मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले. तो हात माझ्या हातात चिमणीसारखा फडफडत होता आणि गाठ दोनदा निसटली. ऑल्विन म्हणाली, "एक वर्ष आणि एक दिवस."

"चालेल," मी म्हटलं. "पण तो कारणाचा नियम काढ."

"अगं, तो नियम मी नाही केलेला. फार जुना आहे."

"काढ."

ऑल्विनने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काढला," म्हणाली. "जेवायला चला."

परतताना मी त्याचा उजवा हात माझ्या कोटाच्या खिशात घेतला. आम्ही शेतातल्या वाटेने आलो, कारण तिथे दर बांधाला ओलांडायच्या दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांवर तो माझ्यापेक्षा सरळ चढतो. शेवटच्या बांधावर तो दम घ्यायला बसला. उजेड होता अजून. मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. काही म्हणजे काही कळत नव्हतं. म्हणून विचारलं.

"हसतोयस का रे?"

"केव्हाचा," तो म्हणाला.